मळ्याच्या बांधावर उभी आई

बाबा, तुम्हाला जाऊन बरीच वर्षं झाली. तुम्ही होतात तोवर मला तुमचा फारसा राग येत नसे. सगळा राग नंतरचा आहे, त्यामुळे तो काढायला समोर कोणी नाही. अकोल्याच्या केंद्रात दिवसभर दुसऱ्यांच्या आईबापांशी समजुतीच्या आवाजात बोलून मी घरी येते तेव्हा तो अनावर झालेला असतो. तिथे मी समुपदेशक आहे. मूल बोलत नाही, उशिरा चालतं, शाळेत टिकत नाही म्हणून लोक येतात. खुर्चीवर टेकल्या टेकल्या आई मान खाली घालते आणि बाप खिडकीबाहेर बघतो. कारण सांगायची वेळ आली की मी आधी बापाला म्हणते, "इकडे बघा." सासू बाहेर बसली असेल तर तिलाही आत बोलावते. सोबतच्या मुली मला चिडवतात, मॅडम, बापांवर तुमचा भारी दात आहे. आहेच.

अंजनगावच्या आपल्या पानमळ्यात चप्पल घालून जायचं नाही, आणि बाईने त्या चार दिवसांत पाऊलही ठेवायचं नाही, नागवेल विटाळ सोसत नाही, हे मला कोणी मुद्दाम शिकवल्याचं आठवत नाही. घरात सगळ्यांना माहीतच होतं. पण एका वर्षी तुम्ही बाजाराला गेलेले असताना वावटळ सुटली, आणि घरी आईशिवाय कोणी नव्हतं. ती तशीच, त्या दिवसांतच, मळ्यात धावली आणि जुन्या लुगड्याच्या चिंध्या फाडून सुटलेले वेल बांधत राहिली. मळा वाचला. संध्याकाळी तिने आपण होऊन आजीला सांगितलं, कारण लपवाछपवी तिला कधी जमलीच नाही. पुढच्या वर्षी माझा धाकटा भाऊ झाला. बरोबरीची पोरं धावायला लागली तरी तो धड बसत नव्हता, तेव्हा आजीने निकाल लावून टाकला, "तशीच गेलती ना आत? भोग आता." त्यानंतर आई मळ्यात गेली नाही. तुमची भाकर घेऊन यायची, बांधावर उभी राहून हाक मारायची. पाळी जाऊन वर्षं लोटली तरी बांधावरच. तुम्ही आतून येऊन भाकर घ्यायचात आणि परत वळायचात. ये आत, असं एकदाही म्हणाला नाहीत.

मी अमरावतीला समाजकार्य शिकायला गेले. मानव विकासाच्या तासाला मॅडमनी सांगितलं की बाळंतपण अडलं, बाळाचा श्वास कोंडला, मेंदूला प्राणवायू पुरला नाही, तर मूल असं मागे राहू शकतं. आणि मला तो दिवस जसाच्या तसा दिसला. मी लहान आहे, दारात उभी आहे. आई सकाळपासून आत कण्हते आहे. गाडी आली आहे, पण खुडलेलं पान थांबत नाही म्हणून तुम्ही तिच्यात आधी बाजाराच्या पानाच्या करंड्या चढवता आहात. "तिचं काय पह्यलं बायतपण हाये? लागते टाइम," असं कोणाला तरी म्हणता आहात. दिवस कलल्यावर गाडी परत येते आणि आईला ओल्या गोणपाटावर निजवून दवाखान्यात नेतात. वर्गात मला रडू फुटलं, ते आनंदाने. आई सुटली, असं वाटलं. तुमच्यावर बोट ठेवायचं मनातही नव्हतं, कारण तुम्हाला तरी कुठे माहीत असणार, असं मी धरून चालले होते.

त्याच शनिवारी एसटीने घरी आले आणि चुलीपुढे सगळं समजावून सांगितलं. आईने ऐकलं, आणि तव्यावरची भाकर उलटायची सोडून तुमच्याकडे पाहिलं. माझ्याकडे नाही, तुमच्याकडे. तुम्ही ताटावरून उठलात. "तुयं कालेज अमरावतीतच ठेवत जा. इथं घरात देव हाये." भाकर करपली. मी मनाशी म्हटलं, जुना माणूस, श्रद्धाळू माणूस, जाऊ दे.

तुमच्या दहाव्याला काका सहज बोलून गेले. "डाक्टरनं त्याले तवाच सांगतलं होतं. उशीर केला म्हने, पोराचा जीव कोंडला. मी संगंच होतो ना." मी विचारलं, मग आईला? "तो म्हने, आता सांगून पोरगं सुधरते काय?"

पोरगं सुधरलं नसतं. बायको सुटली असती. तुम्हाला माहीत होतं, बाबा! रोज बांधापर्यंत येऊन तिच्या हातातून भाकर घेताना माहीत होतं. माणूस असं का करतो याला आमच्या पुस्तकांत नाव आहे, ते मी इथे लिहिणार नाही. नाव दिलं की रागाला सभ्य कपडे चढतात आणि मला तसं नको आहे. भेकड होतात तुम्ही.

गेल्या दिवाळीला गेले तेव्हाही आई बांधावरच उभी. आता मळा धाकटा बघतो, हळूहळू, आपल्या चालीने. तो आतून म्हणाला, "ये नं आई," आणि तिने नुसती मान हलवली. घरी आल्यावर मी पुन्हा सगळं समजावलं. ती म्हणाली, "तू सांगून काय होते वं? त्यायनं एक डाव म्हनलं असतं तं गोष्ट येगळी."

खोटा दिलासा द्यायचा नाही, हा आमच्या शिक्षणातला पहिला धडा. मी म्हटलं, "बाबा म्हणाले होते, आई. शेवटी दवाखान्यात. म्हणाले, गाडी म्याच पान घेऊन धाडली होती, चूक मायी होती, तुह्या मायले सांगजो."

"मंग मले काहून नाई बोलले?"

"लाज वाटते म्हणाले."

 दुसऱ्या दिवशी दुपारी आई भाकर घेऊन निघाली, बांधावर चप्पल काढली आणि आत गेली. वेलांच्या सावलीत धाकट्याच्या शेजारी बसून तिने त्याला जेवू घातलं. मी बांधावर उभी राहून हुंदके देत होते. आणि संध्याकाळी ती शेजारणीला सांगत होती, "मानूस मोठ्या मनाचा होता. जाता जाता कबूल झाला." तुमच्या फोटोला ताज्या झेंडूचा हार घातला तिने. आयुष्यभर तोंड शिवून बसलात आणि मोठ्या मनाचे ठरलात, तेही माझ्या तोंडून! माझा नुसता जळफळाट झाला, पण बोलायची सोय नव्हती.

हे लिहून झालं की फाडून टाकणार आहे. आईला वाचता येतं. एवढंच कबूल करते, की ती वाक्यं मला जुळवावी लागली नाहीत. तुमच्या आवाजात ती कधीची माझ्याजवळ तयार होती, आणि आईला सांगताना क्षणभर मलाही ती खरी वाटली.