दोनदा बघून घे

प्रिय ठमे,

आत्याचं पत्र बघून कपाळाला आठ्या पडल्या असतील. पडू देत. तुझा फोन बंद आहे, आणि बंद फोनशी बडबडत बसायला मला अजून वेड लागलेलं नाही. हल्ली स्क्रीनशी बोलते, ते वेगळं, त्याचं पुढे येईलच. तू फक्त वाच. उत्तर मागत नाही. एक काम सांगणार आहे, तेही अगदी शेवटी, कारण तुला काय आणि तुझ्या बाबाला काय, काम आधी सांगितलं की पुढचं ऐकायचंच नाही, ही खोड मी दोघांत पाहिलीय.

ऑफिसात एका नव्या सॉफ्टवेअरनं माझं डोकं खाल्लंय. पाणीखात्याचा डेटाबेस म्हणजे शहरातला प्रत्येक मीटर, त्याचं घडोघडी आपोआप येणारं रीडिंग, प्रत्येक बिल. त्यावर कोण किती ताण देतंय ते हे सॉफ्टवेअर दाखवतं. शिकवायला कंपनीचे एक गृहस्थ आले होते. इतक्या भराभर क्लिक करत होते की मला वाटलं माश्या मारतायत. मग मी माझ्या चालीनं शिकले. पहिल्या पानावर एक आलेख सरकत असतो. हिरवं म्हणजे काम चालू, लाल म्हणजे कुणीतरी कशासाठी तरी खोळंबलंय. त्यावर क्लिक केलं की खाली यादी उघडते, डेटाबेसला कुणी काय विचारलं त्याची. आणखी आत गेलं की विचारणाऱ्याचं लॉगिन, त्याचं मशीन, आणि कोपऱ्यात 'थांबवा' असं बटण. तळाशी एक सरकपट्टी आहे, ती डावीकडे ओढली की मागचे दिवस दिसतात, हे सॉफ्टवेअर यायच्या आधीचेही. एवढं आलं की निम्मी लढाई जिंकली.

एकदा जेवणाच्या सुट्टीत मी स्क्रीनसमोरच डबा उघडून बसले होते. सगळे उठून गेलेले, आलेख सपाट. त्यात दोन बारीक हिरव्या रेघा उमटल्या. एक रेघ, थोडी जागा, पुन्हा तशीच रेघ. आत जाऊन बघते तर कुणीतरी एकाच मीटरचं शेवटचं रीडिंग दोनदा मागितलं होतं, आणि वर शेरा लिहिला होता, 'दोनदा बघून घे'. माझा घास हातातच राहिला गं. असे शेरे लिहिणारा आमच्या खात्यात एकच माणूस होता, आणि त्याला जाऊन पाच महिने होत आले होते.

दादाचं, म्हणजे तुझ्या बाबाचं, तुला काय सांगायचं. गॅस बंद केला की परत येऊन बघायचा, कुलूप लावलं की पुन्हा ओढून बघायचा. तू लहानपणी जिन्यात कंटाळून बसायचीस त्याची वाट बघत. मला हे काम त्यानंच शिकवलं, आणि पहिल्याच दिवशी बजावलं की एकदा बघितलेला आकडा हा बघितलेला नव्हेच. त्या रेघांमागचं लॉगिन त्याचं होतं. ते मी माझ्या हातानं बंद केलं होतं. मशीन होतं त्याच्या टेबलावरचं, आणि ते केव्हाच भंगारात गेलंय. त्या टेबलावर आता प्रिंटरच्या कागदाचे खोके आहेत. मी उठून खोक्यांमागे बघूनही आले. काय बघायला गेले होते ते मलाही सांगता येणार नाही. भिंतीत वायरीचं एक रिकामं टोक होतं, बाकी काही नाही.

मी 'थांबवा' दाबलं. स्क्रीन म्हणाली, संपलं. चहा घेऊन येते तर पुन्हा दोन रेघा. आमच्या नेटवर्कवाल्यांना बोलावलं. ते म्हणाले, जुनं कनेक्शन कुठंतरी अडकून पडलं असेल, आणि त्यांनी सगळं मुळापासून उपटलं. त्यांची पाठ वळते न वळते तोच रेघा हजर. त्यांनी चष्मा पुसला, पुन्हा घातला, आणि त्या दिवशी ते लवकर घरी गेले. मी मात्र बसून हसत सुटले. सुंभ जळला तरी पीळ जळत नाही म्हणतात, ते आमच्या दादानं असं खरं करून दाखवलं. मग हसता हसता अंगावर काटा आला, तो अजून गेलेला नाही.

तरी मीटर कुणाचा हे बघायची माझी छाती दोन दिवस झाली नाही. मग बघितलं. तुझा होता, ठमे. तू घर सोडून ज्या खोलीत राहायला आलीस, त्या खोलीचा. मी सरकपट्टी डावीकडे ओढत नेली, जिथं ती अडते तिथपर्यंत. रेघा तू घर सोडल्याच्या आठवड्यात सुरू होतात. सकाळी दोन, दुपारी दोन, ऑफिस सुटताना दोन. तुझ्या नळाला पाणी आलं का, तू ते वापरलंस का, एवढंच तो बघत होता. चहा पिताना मध्येच म्हणायचा, आज पोरगी उशिरा उठली. मला वाटायचं, बाप आहे, लावतोय अंदाज. आणि तुझ्याकडे एकदा न बोलावता प्लंबर आला होता ना, खात्याकडून आलोय म्हणाला आणि पैसेही घेईना? तुझा नळ दिवसभर वाहत होता, तो आकडा याला बघवेना. तुला फोन करायचा तर नाक आडवं येत होतं. तू धरलेली नोकरी सोडलीस त्याचा राग, तू उलट बोललीस त्याचा राग, सगळं खरं. पण दिवसातून तीनदा नळ बघणाऱ्याचा राग तो केवढा असणार.

त्याला नेलं त्या दिवशी तू सगळ्यांच्या मागे उभी होतीस. जाताना मला विचारलंस, बाबांनी कधी एकदा तरी माझी चौकशी केली का. मला तेव्हा खरंच माहीत नव्हतं. तू मान हलवून जिना उतरलीस. तुझी ती पाठ मला रोज दिसते. उत्तर वर लिहिलंय. ते हवं तर पुन्हा वाच.

आता या आठवड्याचं सांगते. रविवारपासून रेघा लाल झाल्या. आधी बारीक, मग जाड, आणि आता मध्ये जागाच उरली नाही, आलेखभर एकच लाल पट्टी आहे. तो तेच विचारतोय, पुन्हा पुन्हा, श्वास न घेता. कोण कशासाठी खोळंबलंय त्याचा एक रकाना असतो, त्यात नेहमी काहीतरी तांत्रिक शब्द असतो. याच्यापुढे तो रकाना कोरा आहे. सगळं काम मंदावलंय, बिलांच्या खिडकीवर लोक ओरडतायत. आमच्या साहेबांनी आज सकाळी सांगितलं की संध्याकाळच्या आत हे बंद झालं नाही तर ते अख्खा डेटाबेस पुसून नव्या मशीनवर मांडतील, म्हणजे हा प्रकार कायमचा संपेल. मी पुन्हा 'थांबवा'वर बोट ठेवलं होतं. दाबण्याआधी तुझा मीटर बघितला. मग पुन्हा एकदा बघितला. रविवारपासून शून्य आहे.

म्हणून मी अर्धी सुट्टी टाकून आले. हे पत्र मी तुझ्या दारासमोरच्या पायरीवर बसून लिहितेय. मी दार वाजवलं तेव्हा तू आतून कडी घातलीस, ती मी ऐकली. पहिलं पान दाराखालून अर्धंच सरकवलं. दुसरं सरकवायला वाकले तर पहिलं आत ओढलं गेलं होतं. तेव्हा कुठं मला श्वास आला. वाचतेयस ना, वाच. आता काम सांगते. बोलू नकोस, दारही इतक्यात उघडू नकोस. मी कुठं जात नाही, माझ्याकडे डबा आहे आणि पायरी थंडगार आहे. फोनवर तो आलेख उघडून बसलेय, पट्टी अजून लाल आहे. तू फक्त ऊठ, मोरीत जा आणि नळ सोड. तोंड धू, घोटभर पाणी पी. मग नळ बंद कर, आणि थोड्या वेळानं पुन्हा सोड. तुला तर माहीतच आहे, एकदा बघून त्याचं समाधान होत नाही.

तुझीच,
दाराबाहेर बसलेली आत्या