दम धरवत नाही

ती. आईस,

इथूनच वाकून नमस्कार. माझी तब्येत बरी आहे, जेवण वेळेवर होतं. बाबांचा गुडघा कसा आहे? जिना चढू देऊ नकोस त्यांना.

एका दमात खोल बुडी मारायला शिकायला आले, तेव्हा पोहण्याच्या तलावात तोंड बुडवून पडून राहणंही मला जड जायचं. मग खोलवर पाण्याच्या दाबाने दडे बसलेले कान मोकळे करायला जमलं, समुद्रात दोरीच्या आधाराने खाली जायला जमलं. पहिली परीक्षा झाली, दुसरी झाली. वरच्या वर्गाची तेवढी राहिली होती.

त्या परीक्षेच्या बुडीत मी दोरीच्या टोकाला हात लावला, आई. पण वर येताना, अगदी पाण्याच्या पृष्ठभागाशी, शुद्ध हरपली. माझ्या जोडीदार मुलीने मला उचलून धरलं. डोळे उघडले तेव्हा ती ओरडत होती, "श्वास घे गं बाई, श्वास घे!" डॉक्टर म्हणाले, काही इजा नाही. तू घाबरू नकोस.

पण आता पाण्यात तोंड घातलं की मी बाहेर पळते. सर म्हणाले, "पुन्हा पहिल्या वर्गात बस." बसले. कालपरवा आलेल्या एक बाई निवांत तरंगत होत्या आणि मी काठ धरून रडत होते. सगळे फार चांगलं वागतात, तेच सहन होत नाही.

बाबांना एवढंच सांग, परीक्षा पुढे गेली. आणि मला 'परत ये' असं तूच लिही. मला स्वतःहून यायचा धीर होत नाही.

तुझी,
धाकटी