श्श्श!

प्रिय चिमणे,

मुख्याध्यापिका झालीस तरी मी तुला चिमणीच म्हणणार. आणि पत्र शाळेच्या पत्त्यावर पाठवलं म्हणून नाक मुरडू नकोस. घरी आलेली माझी पत्रं तू जावईबापूंच्या हाती देतेस आणि ‘थोडक्यात सांग’ म्हणतेस, हे मला ठाऊक आहे.

बातमी अशी, की आपल्या जुन्या शाळेतला मूकवाचनाचा तास शाबूत राहिला! निवृत्त झाले तरी फाटकी पुस्तकं चिकटवायला मी रोज तिथे जाते, म्हणून सगळा तमाशा डोळ्यांदेखत पाहिला. आपला नियम आठवतो ना? पहिली घंटा झाली की अख्खी शाळा वाचणार: मुलं, शिक्षक, कारकून, सगळे. त्या वेळात जो आत येईल त्याच्याही हातात पुस्तक द्यायचं. पहिलीत असताना तू नळ दुरुस्त करायला आलेल्या माणसाला परीकथा दिली होतीस. मी शिकले त्या कॉन्व्हेंटमध्ये शांतता ही शिक्षा असायची, सिस्टर पट्टी घेऊन फिरायच्या. बिनपट्टीची शांतता मी पहिल्यांदा या शाळेत अनुभवली.

मग नवे मुख्याध्यापक आले. सदा घाईत, म्हणून मुलांनी त्यांचं नाव लगेच ‘घाईसाहेब’ ठेवून टाकलं. त्यांनी फर्मान काढलं, की मुलं वाचतील, शिक्षकांनी त्या वेळात वह्या तपासाव्यात. झालं! बाई लाल पेनाने खरडतायत, मास्तर तक्ते भरतायत, कारकून फोनवर ओरडतोय. मुलं काय आंधळी आहेत? त्यांनी पुस्तकांआड गप्पांचा अड्डा जमवला. वर घाईसाहेब म्हणतात, ‘बघा, मुलांना वाचनाची गोडीच नाही. हा वेळ सराव परीक्षांना देऊ.’ माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. आधी स्वतःच खोडा घालायचा आणि मग पोरांच्या नावाने खडे फोडायचे!

संस्थेच्या अध्यक्षबाईंना हा गोंधळ दाखवून तास रद्द करून घ्यायचा, असा त्यांचा बेत होता. बाई शाळा पाहायला यायच्या आदल्या दिवशी मी शिक्षकांच्या खोलीत जाऊन बजावलं, ‘उद्या त्या वह्यांना हात लावलात तर गाठ माझ्याशी आहे.’ गणिताचे मास्तर कुरकुरले, ‘बाई, तुम्ही सुटलात, आमची नोकरी जाईल.’ मी म्हटलं, ‘पुस्तक वाचलं म्हणून काढलं, असं छातीठोकपणे सांगा. दुसरी शाळा मिरवत नेईल.’ सगळे हसले. ‘हो’ मात्र कुणी म्हणालं नाही.

सकाळी मी व्हरांड्यात स्टुलावर माझी खुनाची गोष्ट घेऊन बसले. लक्ष कसलं लागतंय! वर्गांत कलकलाट. एवढ्यात गणिताच्या मास्तरांनी वह्यांचा गठ्ठा खाली जमिनीवर ठेवला आणि पिशवीतून एक प्रवासवर्णन काढलं. त्यांचा वर्ग क्षणभर बघत राहिला, मग एकेक मान खाली गेली. मग शेजारचा वर्ग. कारकुनाने तर फोनचा रिसीव्हरच काढून ठेवला. आणि घाईसाहेब अध्यक्षबाईंना घेऊन आले ते मोठमोठ्याने बोलतच, ‘आता बघा मॅडम, काय धुडगूस...’

सगळ्या वर्गांतून एकदम आलं, ‘श्श्श!’

पहिलीतली एक दात पडलेली मुलगी बाहेर आली आणि दोघांच्या हातात एकेक पुस्तक ठेवून गेली. अध्यक्षबाई सरळ पायरीवर बसल्या. घाईसाहेब पुस्तक ताटासारखं धरून उभेच. घंटा झाल्यावर बाईंनी विचारलं, ‘सर, सध्या काय वाचताय?’ ते म्हणाले, ‘मला वेळ कुठे मिळतो?’ ‘उद्यापासून मिळेल,’ बाई म्हणाल्या. ‘रोज, याच पायरीवर.’

आता मुद्द्याचं. रविवारी फोनवर तू किती सहज म्हणालीस, ‘आई, माझ्याही शाळेत मूकवाचन सुरू केलंय, पण स्टाफला सूट दिलीय. मीही तेवढ्यात मेल उरकते.’ चिमणे, तेव्हा लाइन गेली नव्हती, मी फोन आपटला होता. तोंडी बोलले असते तर तू मधेच मला गप्प केलं असतंस, म्हणून लिहिलं. आणि हे पत्र तुला मूकवाचनाच्या घंटेलाच द्यावं, असं तुझ्या शिपाईकाकांना पाकिटावर लिहून कळवलंय. म्हणजे आत्ता तू तुझ्या खुर्चीत बसून, एक शब्दही न बोलता, वाचते आहेस. दार बंद असेल तर ऊठ आणि उघड. मुलांना दिसू दे.

तुझीच, स्टुलावर ठाण मांडून बसलेली,
आई