नाव ठेवायला दोन दिवस होते

ढाका,
१९ नोव्हेंबर १९७०

ती. आब्बांच्या सेवेशी,
बुलूचा सलाम. वि. वि.

आम्माने पाठवलेला नारळाच्या लाडवांचा डबा पोचला. हॉस्टेलमध्ये रोजा सोडताना उघडला आणि माझ्या वाट्याला दीडच आला. दिलारा म्हणते की तुझ्या आम्माला सांग, पुढच्या वेळी डब्यावर माझं नाव घाल.

आता खरी गोष्ट. दक्षिणेच्या वादळाची बातमी तुम्ही वाचलीच असेल. गेल्या गुरुवारी रात्री समुद्र चढला आणि नदीच्या मुखाशी असलेली चरांची, गाळाने बनलेली बेटं धुऊन घेऊन गेला. आम्ही चौघी-चौघी चादरीची चार टोकं धरून रस्त्यांवरून फिरतो आणि लोक त्यात कपडे, तांदूळ, जे असेल ते टाकतात. पहिल्या लाँचने गेलेले मुलगे काल परत आले. ते सांगत होते की कपड्यांचे गठ्ठे पुरुषांच्या हाती पोचले, पण बायका समोर येईनात, कारण अंगावर सूत नाही. झाडीआडून सांगतात की साडी तिथे ठेवा आणि लांब जा. जखमा तर त्या पुरुष डॉक्टरला दाखवतच नाहीत.

म्हणून मुली हव्या आहेत. आम्हाला इतिहास शिकवणाऱ्या हमीदा आपा स्वतः बरोबर येणार आहेत. चोवीस तारखेला लाँच निघते आणि पंधरा दिवसांत परत येते. परीक्षा जानेवारीत आहे, मी पुस्तकं बरोबर नेईन. आब्बा, परवानगी द्या. उलट टपाली कळवा.

आम्माला सलाम. तुमची माया आहे तशीच राहो.

तुमची,
बुलू


पाबना,
२१ नोव्हेंबर १९७०

चि. बुलूस आब्बाचे अनेक आशीर्वाद.

पत्र पोचलं. परवानगी नाही.

हे एकच वाक्य लिहून पाकीट बंद करणार होतो, पण तुझी आम्मा म्हणाली की हेडमास्तरची नोटीस मुलीला पाठवू नका. म्हणून सविस्तर लिहितो. बुलू, तू ऑनर्सला बसते आहेस. आपल्या घराण्यात इथवर पोचलेली पहिली मुलगी. त्या लोकांचं दुःख मला कळत नाही असं नाही. पण मदतीला सरकार आहे, फौज आहे, डॉक्टर आहेत. एक मुलगी कमी गेल्याने कुणाचं अडत नाही. परीक्षा मात्र तुझ्याऐवजी दुसरं कुणी देणार नाही. आज नीट शिकलीस तर उद्या शंभर जणांच्या उपयोगी पडशील. चादर धरून फिरलीस तेवढं पुष्कळ झालं.

आणि पुस्तकं बरोबर नेणार म्हणतेस. कोळ्याने मासळी पकडायला जाताना बरोबर सतार न्यावी तसं आहे ते.

रागावू नकोस. रोजे झेपत नसतील तर सोड. प्रकृतीला जप, आणि म्हाताऱ्यावरचा लोभ कमी होऊ देऊ नकोस.

तुझा,
आब्बा


चर मोहना,
२८ नोव्हेंबर १९७०

ती. आब्बांच्या सेवेशी,
बुलूचा सलाम. वि. वि.

तुमचं पत्र तेवीस तारखेला मिळालं. दोनदा वाचलं, ट्रंकेत ठेवलं, कुलूप लावलं आणि दुसऱ्या दिवशी लाँचवर चढले. जन्मात पहिल्यांदा तुमचा शब्द मोडला. शिक्षा आल्यावर द्या. तोवर एवढं पत्र वाचा.

इथे गाव होतं असं लोक सांगतात, म्हणून मानायचं. चिखल, आडवी झाडं आणि मधूनमधून एखादा उघडा पडलेला ओटा. मुलग्यांनी आम्ही यायच्या आत पुष्कळ प्रेतांना माती दिली होती, तरी वारा दक्षिणेचा सुटला की आम्ही नाकाला पदर लावतो. पुस्तकांची पिशवी पहिल्याच दिवशी भिजली. तुमची सतार बुडाली, आब्बा.

जगलेल्या सगळ्यांच्या अंगावर एकच जखम आहे. छाती, दंडांची आतली बाजू आणि मांड्या सोलवटलेल्या. रात्रभर झाडाला मिठी मारून राहिल्याची ती खूण. दिलारा आणि मी कनात लावून एकेका बाईच्या जखमा उकळलेल्या पाण्याने धुतो, मलम लावतो. हमीदा आपांनी पहिल्याच दिवशी बजावलं आहे की तोंडाने बिच्चारी, बिच्चारी करायचं नाही, हात हलका ठेवायचा.

सोनाभान नावाची एक बाई आहे, माझ्यापेक्षा फार तर चार वर्षांनी मोठी. तिची हकीकत तिने तुकड्यातुकड्याने सांगितली. नवरा पाण्याबरोबर गेला. ती ताडाला धरून होती. एका हाताने झाड आणि सहा वर्षांची मुलगी, दुसऱ्या हातात पाच दिवसांचं बाळ. पहाटेच्या सुमाराला तो हात बधिर झाला. ती म्हणते, मी सोडलं नाही, हाताने सोडलं. पुन्हा विचारते की हात कुणाचा होता?

मुलगी वाचली. मयना तिचं नाव. तिने पाहिलं. तेव्हापासून ती बोललेली नाही आणि आईजवळ जात नाही. आईने हात पुढे केला की स्वतःचे दोन्ही हात पाठीमागे लपवते. माझ्याकडे मात्र येते. रात्री माझ्या पदराची गाठ मुठीत धरून झोपते. खरं सांगते, मला त्याचा अभिमान वाटायला लागला होता. चार बायकांत मी ते सांगितलंसुद्धा. काल हमीदा आपांनी मला बाजूला घेतलं आणि म्हणाल्या, “तू लाँचने परत जाणार आहेस. तिला आईजवळ राहायचं आहे. पोरगी कुणाची, हे विसरू नकोस.” मला राग आला. मग तो राग कशाचा आहे ते कळलं आणि फार लाज वाटली.

दुपारी मी यादी लिहिते. कोण गेलं, वय काय, कुणाचं कोण. सोनाभान रोज रांगेत उभी राहते आणि तिची पाळी आली की बाजूला होते. बाळाचं नाव ठेवायचं राहिलं होतं. सातव्या दिवशी ठेवणार होते, दोन दिवस होते. नावाच्या रकान्यात काय लिहू, ते मला कळत नाही. तुम्ही सुचवा. गावातल्या निम्म्या पोरांची नावं तुम्हीच ठेवली आहेत.

आणखी एक सांगते, आम्माला वाचून दाखवू नका. संध्याकाळी भरती लागली की बायका पाण्याच्या काठाशी जाऊन उभ्या राहतात आणि आपापल्या माणसांना नावाने हाका मारतात. रडत नाहीत. जेवायला बोलवावं तशा हाका. सोनाभानही जाते. तिच्यापाशी हाक मारायला नाव नाही, म्हणून ती नुसतं तोंड उघडते आणि मिटते. ते मला झोपेतही दिसतं. मी कानात बोटं घालून पडते आणि हाका आतून येतात. आब्बा, हे थांबतं का?

चूक पोटात घाला. दुवेतून मला वगळू नका.

तुमची,
बुलू


पाबना,
६ डिसेंबर १९७०

माझ्या बुलूला आम्माचे खूप खूप आशीर्वाद.

पोरी, तू आब्बांना काय लिहिलंस? पत्र आलं त्या दिवशी ते रोजा सोडायला आले नाहीत. ईदला नवा कुडता घातला नाही. नमाज पढून आले ते खोलीत जाऊन बसले. मी विचारलं तर म्हणाले, बुलू खुशाल आहे, तू जेवून घे. पत्र दाखवत नाहीत. उशीखाली ठेवून झोपतात. झोपतात म्हणजे पडून राहतात.

आणि एक विचित्र गोष्ट. तुला ठाऊक आहे, या घरात भात कधी वेळून केला नाही. पेज काढून टाकायची नाही असा त्यांचा हुकूम. बावीस वर्षं मी पाणी जिरवूनच भात करते आहे. मला वाटायचं, पचनाचं खूळ आहे. परवा तुझी मावशी आली होती, तिने तिच्या सवयीने भात वेळला आणि पेज मोरीत ओतली. आब्बा दारात उभे होते. ते तिथेच खाली बसले. मी पाणी दिलं. मग म्हणाले, मला बुलूला पत्र लिहायचं आहे, शाई आहे का बघ.

तेव्हापासून लिहितात आणि फाडतात. उद्या मतदान आहे, सारं गाव त्याच गडबडीत आहे, आणि आमचे हे खिडकीशी. तू आब्बांवर रागावू नकोस. आणि पोरी, जपून राहा, पाणी उकळून पी. आम्माला विसरू नकोस.

तुझी,
आम्मा


पाबना,
१० डिसेंबर १९७०

चि. बुलूस आब्बाचे अनेक आशीर्वाद.

तू विचारलंस, हे थांबतं का. थांबत नाही. मी सत्तावीस वर्षं ऐकतो आहे.

त्रेचाळीस साली मी कलकत्त्याला शिकत होतो. दुष्काळाचं साल. खेड्यांतली माणसं शहराकडे चालत आली आणि फुटपाथवर मरू लागली. ती भात मागत नव्हती, पेज मागत होती. भात मागायची हिंमतच उरली नव्हती. आमच्या हॉस्टेलच्या मुलांनी खिचडीची चूल लावली. माझ्याच खोलीतला सुबोध मला म्हणाला की रोज दोन तास ये, वाढायला माणसं कमी पडतात. मी त्याला काय सांगितलं ते तुला ठाऊक आहे. तुला लिहिलं तेच, शब्दाला शब्द. सरकार आहे, परीक्षा दुसरं कुणी देणार नाही, आज शिकलो तर उद्या शंभर जणांच्या उपयोगी पडेन.

माझ्या खिडकीखाली एक बाई बसायची. संध्याकाळी मातीचं भांडं वाजवून म्हणायची, “मा गो, घोटभर पेज दे.” चूल पुढच्या गल्लीत होती. तिच्याने तिथवर चालवत नव्हतं. कुणीतरी हात धरून न्यायला हवं होतं, एवढंच. मी खिडकी लावून घेतली. लावून घेतल्यावरही आवाज यायचा, म्हणून मोठ्याने वाचू लागलो. आठ की नऊ दिवस. मग एका संध्याकाळी वाचता वाचता लक्षात आलं की आपण उगाच मोठ्याने वाचतो आहोत. खाली गेलो. भांडं होतं.

मी पहिल्या वर्गात आलो. हे आजवर कुणाला सांगितलं नाही, तुझ्या आम्मालाही नाही.

तुला नाही म्हटलं ते परीक्षेसाठी म्हटलं अशी माझी समजूत होती. तुझं पत्र वाचून कळलं की मला भीती वाटत होती. तू त्या हाका ऐकशील आणि एक दिवस मला येऊन विचारशील, तुम्ही ऐकल्या होत्या का. बुलू, ऐकल्या होत्या.

सुबोधही झोपत नसे. त्यालाही आवाज यायचे. पण तो ते आवाज सांगू शकायचा. अमक्या म्हाताऱ्याने असं म्हटलं, अमक्या पोराने दोनदा मागून घेतलं. त्याच्या आवाजांना चेहरे होते. माझ्या बाईचा चेहरा मला माहीत नाही. मी खिडकी लावली होती.

बाळाचं नाव मी सुचवणार नाही. चार दिवस विचार केला. गावातल्या पोरांची नावं ठेवली, कारण त्यांच्या आईबापांनी येऊन विचारलं. इथे आईने विचारलेलं नाही, तू विचारते आहेस. तिला विचार. रकाना रिकामा राहिला तर राहू दे, पण तिची रांगेतली पाळी चुकवू नकोस.

हवं तितके दिवस राहा. शब्द मोडलास ते बरं केलंस. आता जमलं तर या माणसावर पूर्वीइतकाच जीव ठेव.

तुझा,
आब्बा


चर मोहना,
२३ डिसेंबर १९७०

ती. आब्बांच्या सेवेशी,
बुलूचा सलाम. वि. वि.

तुमचं पत्र तांदळाच्या होडीतून चार दिवसांपूर्वी आलं. पाण्याच्या काठाशी बसून वाचलं. तुम्ही माझे आब्बा आहात. जीव पूर्वीइतका नाही, थोडा जास्त आहे. समोर आल्यावर तुम्ही पुन्हा सगळं सांगा, मी ऐकेन. एवढंच मला इथे जमायला लागलं आहे.

पंधरा दिवस होऊन गेल्यावर दिलारा परतली, मी राहिले. तुम्हाला मागचं पत्र लिहिलं त्या रात्रीपासून मयनाला मी माझ्याजवळ झोपवलं नाही. सोनाभानच्या झोपडीच्या दाराशी बसवून यायचे. दोन रात्री ती तिथेच बसून राहिली, आत गेली नाही. मी कनातीच्या आड उभी राहून बघायचे. तिला उचलून आणायचं नाही याला एवढी ताकद लागते हे मला माहीत नव्हतं. तिसऱ्या रात्री थंडी वाढली आणि ती आत गेली.

परवा यादीसाठी मी सोनाभानला बोलावून घेतलं. मयना तिच्या मागे दोन हात अंतर ठेवून आली. मी विचारलं की बाळाचं नाव काय लिहू. सोनाभान म्हणाली, “लिही, नाव नव्हतं.” मी लेखणी टेकवली आणि मागून आवाज आला, “होतं. टुनू.”

चाळीस दिवसांनी ती पोरगी बोलली. मी लेखणी उचलून घेतली. मग मयना हळूहळू सांगू लागली. बाळाला ती पहिल्या दिवसापासून टुनू म्हणत होती. कुणाला सांगितलं नव्हतं, मोठी माणसं सातव्या दिवशी नाव ठेवणार होती ना, रागावली असती. आणि त्या पहाटे टुनू रडत नव्हता, असंही म्हणाली. त्याआधीच बराच वेळ रडायचा थांबला होता, गार पडला होता. तिने पायाला हात लावून बघितलं होतं. आईला ठाऊक नव्हतं.

आब्बा, हे खरं की पोरीने आईसाठी मनाशी रचलं, मला कळत नाही. कधीच कळणार नाही. सोनाभानने तिला काही विचारलं नाही. ती जमिनीवर बसली. मी यादीत लिहिलं: टुनू, वय पाच दिवस, सोनाभानचा मुलगा, मयनाचा भाऊ. शेवटचा रकाना छापलेला नव्हता, मी ओढला.

त्या संध्याकाळी भरतीच्या वेळी सोनाभानने नावाने हाक मारली. सगळ्या बायकांत तिचा आवाज मोठा होता. मला वाटलं होतं की ते ऐकून बरं वाटेल. नाही वाटलं. पण चेहरा बघितला मी, पुरता बघितला.

जानेवारीची परीक्षा आता माझ्या हातून होणार नाही. मला त्याचं वाईट वाटतं, खोटं कशाला सांगू. पुढल्या खेपेला बसेन.

आज सकाळी आपा मला काही दिवसांसाठी पलीकडच्या चरावर घेऊन आल्या, हे पत्र तिथूनच पुरं करते आहे. निघताना होडीशी सगळी पोरं आली होती. मयना नव्हती. लांबवर सोनाभान जाळं सांधत बसली होती आणि मयना दोन्ही हातांनी दुसरं टोक धरून होती. मी हाक मारली. तिने ऐकली असणार, वारा तिकडेच होता. मान वर केली नाही. हातातलं टोक सोडलं नाही. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, तर आपा म्हणाल्या की वल्हं धर, वेळ जातोय.

आम्माला माझे सलाम. दुवेत असू द्या.

तुमची,
बुलू