डाव्या दाराचा पोचा

तीर्थरूप ताईस,

धाकट्याचा साष्टांग नमस्कार. (कमरेमुळे साष्टांग आता फक्त लेखीच उरला आहे, तो गोड मानून घे.) भाऊजींना नमस्कार सांग. त्यांचा खोकला थांबला का ते कळव, आणि मी सुचवलेला काढा त्यांनी कुंडीत ओतला हे मला ठाऊक आहे असंही सांग. तुझा गुडघा कसा आहे? त्या गुडघ्याबद्दल मला फार दिवस एक शंका आहे. या वयात तू बाजारात, बँकेत, मैत्रिणींकडे स्वतः गाडी चालवत जातेस, तेव्हा तो क्लच दाबताना चकार शब्द काढत नाही. इकडे यायचा विषय निघाला की मात्र ठणकायला लागतो. असो. गुडघा तुझा, ठणका तुझा, आपण कोण बोलणार. आई बरी आहे. जेवते, झोपते, माझ्या चुका काढते. डोळ्यांना आता उजेड आणि अंधार एवढंच कळतं, पण दारात कोण आलं ते पावलांवरून आमच्या आधी ओळखते. रोज तुझी चौकशी करते. मी "पुढच्या महिन्यात येणार आहे" म्हणतो आणि ती "बरं" म्हणते.

हे सगळं फोनवर सांगता आलं असतं, पण फोनवर जरा नाजूक विषय आला की तुझ्या कुकरची शिट्टी होते. पत्राला शिट्टी ऐकू येत नाही.

तर, मी निवृत्त झाल्यापासून चिमुकल्या मोटारी बनवतो हे तुला माहीत आहेच. (तू त्याला "बारक्याचं खूळ" म्हणतेस हेही माहीत आहे.) खऱ्या मोटारीच्या चोवीसपट लहान, दारं उघडणारी, चाकं वळणारी. जेवणाच्या टेबलाचा अर्धा भाग माझा आणि अर्धा तुझ्या भावजयीचा, असा आमचा तह झालेला आहे. तो तिने काटेकोरपणे पाळला आहे आणि मी जमेल तसा. एकदा एक हेडलाइट सरहद्द ओलांडून तिच्या भाजीत गेला आणि नेमका तिच्याच दाढेखाली आला, तेव्हापासून आमच्याकडे जेवताना बोलण्यापेक्षा चावण्याकडे लक्ष जास्त असतं. मागच्या वर्षी मी आपल्या बाबांची गाडी करायला घेतली. आमचं अशा मोटारी बनवणाऱ्यांचं एक मंडळ आहे, त्यातले लोक बाजारातून तयार प्लॅस्टिकचे भाग आणून जोडतात. पण बाबांची गाडी कुठल्या खोक्यात मिळणार? म्हणून बिस्किटांच्या डब्याचा पत्रा कापून, ठोकून, घासून ती मी स्वतः घडवली. त्यात उजवीकडच्या मागच्या काचेत खोचलेली पुठ्ठ्याची घडी आहे (ती काच वर राहायची नाही, आणि घडी खोचायचा मान कोणाचा यावरून तू मला चिमटे काढायचीस). मागच्या सीटवर मधोमध वर आलेली स्प्रिंग आहे, जिच्यावर भांडणात हरलेल्याने बसायचं, म्हणजे मी. घाट चढताना बाबा डॅशबोर्डवर थाप मारून "चल गं बाई" म्हणायचे, त्या जागेचा रंगसुद्धा मी बोटाने पुसट केला आहे. ते करताना काय वाटत होतं ते लिहिता येत नाही. एवढंच सांगतो, की त्या महिन्यांत मला बाबांची आठवण येत नव्हती. ते शेजारीच बसलेले असायचे.

राहिला डाव्या मागच्या दाराचा पोचा. तो तू पाडलास, तेव्हा त्याची हकिगत तुला सांगायला नको, पण आईच्या तोंडून ती आता कशी झाली आहे ते तू ऐकलेलं नाहीस. खरी गोष्ट आपल्याला माहीत आहे: बाबा तुला गाडी शिकवत होते, मी स्प्रिंगवर होतो, तू गाडी मागे घेताना फाटकाच्या खांबावर घातलीस आणि रडायला लागलीस. बाबा उतरले, दार पाहिलं, परत येऊन बसले आणि म्हणाले, "झालं एकदाचं. आता ठोकायची भीती संपली, आता शिक निवांत." तो पोचा त्यांनी शेवटपर्यंत काढला नाही. आईच्या सांगण्यात आधी त्या खांबाची भिंत झाली, मग भिंतीचा ट्रक झाला, आणि सध्या तू समोरून येणाऱ्या ट्रकला हुलकावणी देऊन आम्हा सगळ्यांचे प्राण वाचवतेस. (सगळ्यांचे म्हणजे आईचेही. ती त्या दिवशी गाडीत नव्हती.)

तो पोचा छोट्या गाडीत मी कसा साधला म्हणून विचारशील, तर मी तो साधलाच नाही. दार चिमट्यातून निसटलं, शोधायला वाकलो, तोल जाऊ नये म्हणून खुर्ची ओढली, आणि खुर्चीचा पाय बरोबर दारावर आला. मी ते टाकूनच देणार होतो. पण आई शेजारी बसली होती, तिने "काय मोडलंस?" म्हणून हात पुढे केला. अंगठा फिरवला. आणि मग तो एकाच जागी असा थबकला की मला वाटलं, हाताला पत्रा लागला. शेवटी म्हणाली, "बारक्या, हे तुला कसं रे जमलं?" आयुष्यात पहिल्यांदाच तिने मला हा प्रश्न कौतुकाने विचारला होता, त्यामुळे खुर्चीचं नाव मी घेतलं नाही. तेव्हापासून रोज दुपारी गाडी मांडीवर घ्यायची, अंगठा त्या पोच्यात ठेवायचा आणि ट्रकची गोष्ट सांगायची, असा तिचा नेम झाला. डोळे गेल्यापासून ती अंगाने लहान झाली आहे, ताई, पण ती गोष्ट सांगताना पूर्वीची असते.

इथपर्यंत सगळं ठीक होतं. नडली ती आमच्या मंडळाची एक पद्धत. आमच्यात प्रत्येकाची गाडी एकेक महिना दुसऱ्याच्या घरी मुक्कामाला जाते. नुसतं कपाटात ठेवून काय करायचं, चार घरांत हिंडू दे, चार जणांच्या हाताला लागू दे, असा त्यामागचा विचार. (मुक्कामाचा नियम एकच: धूळ पुसावी, बाकी काही करू नये.) आईला विचारलं, तर तीच म्हणाली, "जाऊ दे की. गाडी काय घरात बसायला असते?" म्हणून बाबांची गाडी मी मंडळातल्या एका दातांच्या डॉक्टरांकडे पाठवली. माणूस सोन्यासारखा. निवृत्त झाला, तरी दवाखान्यातली सगळी बारीक हत्यारं घरी घेऊन आला आणि त्यांनीच मोटारी कोरतो. त्याने गाडी खोक्यात घालून स्कूटरवरून नेली, वाटेत एका खड्ड्यात दणकून आपटला, घरी जाऊन खोकं उघडलं, आणि समोर काय, तर दाराला पोचा. त्याला वाटलं, आपल्याच हातून झालं. दुसऱ्या कोणी सरळ फोन केला असता. पण याने आयुष्यभर लोकांच्या दाढांतले खड्डे बुजवलेले. खड्डा दिसला की त्याचे हात शिवशिवतात. लाजेपायी कोणालाही न सांगता त्याने महिनाभर बसून तो पोचा भरून काढला, तोही दाढेत भरायच्या सिमेंटने. मग एक दार चकचकीत आणि बाकी गाडी जुनाट हे बरं दिसेना, म्हणून सगळ्या गाडीला नवा रंग दिला. पुठ्ठ्याची घडी कचरा म्हणून काढून टाकली. स्प्रिंग आत दाबली.

गाडी परत आली तेव्हा मी खोकं उघडून नुसता बघत राहिलो. राग यायला वेळ लागला, कारण गाडी अशी मी कधी पाहिलीच नव्हती. माझ्या जन्मापर्यंत ती जुनी झालेली होती. बाबांनी शोरूममधून आणली तेव्हा ती अशीच दिसली असणार, आणि ती तशी बघितलेली तू आणि आई, दोघीच. मला तुझा हेवा वाटला. त्यानंतर राग आला. डॉक्टरांना फोन करून जे बोलायचं ते बोललो, त्यावर ते बिचारे खड्ड्याची सगळी कथा सांगून रडकुंडीला आले, मग त्यांची समजूत मलाच काढावी लागली. ते म्हणाले, भरलेलं उकरून काढतो, आणि हत्यारं घेऊन तसेच आले. पण त्यांचं काम इतकं पक्कं, की त्यांच्या हत्याराचं टोक मोडलं आणि सिमेंट तसंच राहिलं.

दुपारी आईने गाडी मांडीवर घेतली. अंगठा दारावरून गेला, परत आला, पुन्हा गेला. मग तिने गाडी अलगद माझ्या हातात दिली आणि परक्या माणसाशी बोलावं तशी म्हणाली, "छान आहे. ज्यांची आहे त्यांना नेऊन दे." त्या दिवसापासून गोष्ट बंद आहे. दुपारी नुसती बसून असते.

मग मी नवी दारं करायला घेतली. पहिल्या दारावर तीच खुर्ची, तोच पाय, तोच मी. आई म्हणाली, पोचा पुढे सरकलाय. दुसऱ्याला चमच्याच्या पाठीने दाबलं, तर म्हणे खोल आहे, पोरीने एवढी जोरात नव्हती ठोकली. तिसऱ्यावर अंगठा ठेवून म्हणाली, "हा मुद्दाम पाडलाय. घाबरलेलं माणूस असं ठोकत नाही." फोटोंत बघावं म्हणून सगळे जुने फोटो काढले. एकाही फोटोत तो पोचा नाही. प्रत्येक फोटोत बाबा नेमके डाव्या मागच्या दाराला पाठ लावून उभे. लहानपणी मला वाटायचं, त्यांना तिथे टेकायला आवडतं. ते तुझा पोचा झाकत होते, हे मला या वयात, भिंग लावून बसलो तेव्हा कळलं.

बाकी सर्व ठीक. पत्राचं उत्तर सवडीने दे, घाई नाही. भाऊजींना जपायला सांग, तूही जप.

तुझा,
बारक्या

ता. क. — घाई नाही असं वर लिहिलं आहे, तरी एक काम आहे. तो पोचा नेमका कुठे, केवढा, कसा होता ते आठवून कागदावर काढून पाठवशील का? सगळ्यांत जवळून तूच पाहिला आहेस.

ता. क. दुसरा — वरचा ता. क. आईला वाचून दाखवला. ती म्हणते, चित्र नको, पोचा जिने पाडला तिनेच येऊन पाडावा, दुसऱ्या कोणाचं ते काम नाही. आता स्पष्टच लिहितो. तुला आईला असं चाचपडताना बघवत नाही, म्हणून तू येत नाहीस, हे मला कळतं. मलाही आधी बघवत नव्हतं. पण ती बघण्यासारखी आहे, ताई. ये.

ता. क. तिसरा — पाकीट चिकटवणार, तेवढ्यात तुझी भावजय हळूच सांगून गेली. सकाळी वेणी घालताना आई तिला म्हणाली, "पहिल्याच दाराला अंगठा बरोबर बसला होता. पण बरोबर म्हटलं असतं तर हा गाडी जोडून मोकळा झाला असता आणि ती आली नसती. त्याला बोलू नकोस." तेव्हा पोचा कधीचाच झालेला आहे आणि या पत्रातल्या कामात काही दम उरलेला नाही. तरी मी ते तसंच पाठवतो आहे, आणि आईला यातलं तू काही कळू देऊ नकोस. येताना एक छोटी हातोडी मात्र आण आणि आल्या आल्या तिच्या हातात दे, म्हणजे तिला खरं वाटेल.