पाण्याच्या रकान्यातलं शून्य

सर, काल इथे लखनौत, वृंदावन योजना वसाहतीत काकूंकडे गेलो होतो. तुम्हाला जाऊन नऊ वर्षं झाली, तरी तुमची निळी फाइल त्यांनी दिवाणावर काढून ठेवली होती. "त्यांनी तुला बघायला सांगितलं होतं ना? मग बघ बाबा आता. कुठे चुकलं ते मला एकदा कळू दे," म्हणाल्या. मी मान खाली घालून चहा पीत राहिलो. कुठे चुकलं ते मला पहिल्यापासून ठाऊक आहे, सर. फाइल उघडायची गरजच नाही.

आपल्याकडचा मोगली एरंड, त्याला इथे रतनजोत म्हणतात. त्याच्या बियांच्या तेलावर ट्रॅक्टर चालेल, बसगाड्या चालतील, डिझेलसाठी परदेशाच्या तोंडाकडे बघायला नको, असं तुम्ही म्हणायचात आणि तुमचे डोळे चमकायचे. पहिलं तेल निघालं तेव्हा तुमच्या क्वार्टरच्या स्वयंपाकघरात तुम्ही ते वातीच्या स्टोव्हमध्ये घातलंत. धूर धूर झाला. काकू पोह्यांची कढई उचलून ओरडल्या, "अहो, विषारी आहे म्हणता आणि माझ्या ओट्यावर जाळता?" तुम्ही खोकता आहात, हसता आहात, आणि मी खिडकी उघडतो आहे. इतकं मनापासून हसणारा माणूस मी लखनौत दुसरा पाहिला नाही.

तुमचं सगळं गणित एका शून्यावर उभं होतं. शहराबाहेरची ती ऊसर जमीन, पांढरी, खारवट, गवतसुद्धा न उगवणारी. तिथे झाड लावायचं आणि पाणी द्यायचं नाही. पाण्याच्या रकान्यात शून्य, म्हणून तेल डिझेलपेक्षा स्वस्त. पाणी द्यावं लागलं तर मग गहूच लावा की, रतनजोत कशाला? हे तुम्ही मला इतक्यांदा समजावलंत. एकदा मी बियांचं वजन जरा वर ओढून लिहिलं, तेव्हा सगळ्यांसमोर खडसावलंत, "झाड देईल तेच लिहायचं. आपल्याला काय हवंय ते झाडाला विचारू नकोस." कान लाल झाले होते माझे.

आणि तरी त्याच उन्हाळ्यात मी आपल्या प्रयोगाच्या शेतात पाणी घातलं. शेजारच्या शेतात ट्यूबवेल होती. दर रविवारी भर दुपारी मी तिथून पाइप ओढायचो. चौकीदाराने विचारलं, "भैया, इसमें तो पानी नहीं देना था?" मी म्हणालो, "साहब ने कहा है." तुमचं नाव सांगितलं, सर! पुढच्या उन्हाळ्यातही तेच केलं. तुमची मान खाली जाऊ नये म्हणून केलं, असं मी बरीच वर्षं स्वतःला सांगत आलो. पण माझी नोकरी कंत्राटी होती आणि वाळक्या झुडपांवर कंत्राट वाढत नाही, हे खरं कारण. दोन्ही वर्षी शरदात झाडं फळांनी लगडली. तुम्ही बी तळहातावर घेऊन कितीतरी वेळ उभे राहिलात. त्याच आकड्यांवर मला पक्की नोकरी लागली. मुलाखतीसाठी तुम्ही मला अमीनाबादच्या बाजारात नेऊन राखाडी कोट घेऊन दिलात आणि दुकानदाराला सांगितलंत, "हमारा लड़का है."

मग तुम्ही गावोगाव गेलात. लोकांनी तुमच्या शब्दावर ऊसरात झाडं लावली. चौथ्या वर्षी झालेली ती सभा मला अजून दिसते. सरपंचबाई उठून म्हणतात, "डाक्टर साहब, झाड़ी तो हरी है. दाना कहाँ है?" तुम्ही फाइलची पानं उलटता आहात. मी तुमच्या शेजारच्या खुर्चीवर बसलो आहे, उत्तर माझ्याकडे आहे, आणि मी सतरंजीकडे बघतो आहे. लोकांनी झुडपं उपटून चुलीत घातली. परत येताना जीपमध्ये तुम्ही म्हणालात, "चला, इंधन झालं एकदाचं," आणि हसायचा प्रयत्न केलात.

रिटायर झाल्यावर तुम्ही तेच गणित पुन्हा पुन्हा मांडत बसलात. "तू बघ रे, मी कुठे घसरलो?" म्हणालात. मी म्हणालो, "सर, बियाणं हलकं असेल." काय निर्लज्जपणा! तुम्ही बिचारे बियाण्याच्या मागे लागलात, पत्रं लिहीत राहिलात, आणि एक दिवस गेलात.

आता उसाचं इथेनॉल, हॉटेलातलं तळणीचं उरलेलं तेल, बॅटरीच्या रिक्षा, सगळ्या समित्यांवर मला बोलावतात. मी पहिला प्रश्न एकच विचारतो, पाणी कुठून येणार आणि त्याचे पैसे कोण देणार? लोक म्हणतात, साहेब फार चोख आहेत. मी ऐकून घेतो.

तर काल. काकूंना म्हणालो, "सरांचं गणित बरोबर होतं, काकू."

"मग आपल्या शेतात फळली आणि लोकांकडे का नाही?"

एवढा सरळ प्रश्न इतक्या वर्षांत मला कुणी विचारला नव्हता. मी तोंड उघडलं. पण त्याच पुढे म्हणाल्या, "म्हणजे नशीबच म्हणायचं."

"हो काकू, नशीबच," मी म्हणालो.

त्यांनी डोळे पुसले आणि लगेच नागपूरला लेकीला फोन लावला, "बाबांचं चुकलं नव्हतं गं!" मला आग्रहाने शिरा वाढला. मी खाल्ला.

हे पत्र पाठवायचं तर पत्ता तुमच्याच घराचा घालावा लागेल आणि काकू ते चष्मा लावून शेवटपर्यंत वाचतील. म्हणून पाठवत नाही. माझी बायको इथली, तिला मराठी येत नाही. मुलीला बोललेलं कळतं, वाचता येत नाही. मघाशी ती पाठीमागे येऊन उभी राहिली. "पापा, क्या लिख रहे हो?" मी म्हणालो, "ऑफिस का काम है," आणि कागद झाकलासुद्धा नाही.