बांधावर ओलांडायचं नाही

पप्पा, काल बांधावर तिच्या चपलेचा पट्टा तुटला, ती खाली बसली आणि मी तिला ओलांडून पुढे गेलो नाही, तिथेच माझं सगळं बदललं. तुम्हाला हे कोणीतरी सांगायला हवं, कारण नियम तुमचा होता. तुमचा वॉकिंग क्लब अजून चालू आहे. तुम्ही गेलात तेव्हा मी सातवीत होतो. आता मला मिशा आहेत, अंधेरीच्या स्टुडिओत शूटिंगच्या लाईट्स उचलायचं काम आहे आणि इंजिनिअरिंग मी दुसऱ्या वर्षाला सोडलंय. हे शेवटचं आईने तुमच्या फोटोसमोर उभं राहून आधीच सांगितलं असेल, माझी खात्री आहे.

दर हिवाळ्यात एका रविवारी कांदिवलीची सगळी मंडळी मार्व्याहून होडीने मनोरीला उतरतात, खाडीच्या कडेने मिठागरांच्या बांधावरून चालतात आणि दुपारी आंटीच्या अंगणातल्या बारमध्ये जेवतात. बांध अजून तेवढाच अरुंद, एकामागे एक असंच जावं लागतं. आणि वर्षभरात ज्यांचं वाजलं असेल त्यांना अजूनही तुमच्या नियमाने रांगेत लावतात: जो जास्त तापलेला तो मागे, बारपर्यंत ओलांडायचं नाही, आणि पोचल्यावर मागच्याने पुढच्याच्या ताटात पहिलं वाढायचं. मला पाण्याच्या टाकीवरून तुमचं आणि तळमजल्यावरच्या काकांचं वाजलं ते वर्ष आठवतं. तुम्ही त्यांच्या पाठीकडे बघत चाललाय, मी तुमच्या शर्टाचं टोक धरून. आंटीकडे पोचल्यावर तुम्ही काकांच्या ग्लासात बियर ओतता, इतक्या घाईत की नुसता फेस. काका म्हणतात, "पाणी सोडत नाहीस ते नाहीस, आता बियर पण नाही द्यायची का?" आणि तुम्ही दोघं हसून हसून टेबलावर डोकं टेकता. परतताना होडीत मी विचारलं, राग गेला कसा? तुम्ही म्हणालात, "समोरून माणूस भांडायला आलेला दिसतो रे. मागून चाल कधी, नुसता दमलेला दिसतो." मी तेव्हा पाण्यात हात घालायच्या नादात होतो.

ती म्हणजे क्लबच्या आताच्या सेक्रेटरी काकूंची मुलगी. अकरावीपासून आमचं आहे. म्हणजे, होतं. दिवाळीआधी मालाडला, तिच्या ऑफिसच्या मैत्रिणींसमोर, ती एवढंच म्हणाली की राहिलेल्या परीक्षांचं बघ ना यार, आणि माझी सटकली. "डिग्रीवाला पाहिजे तर शोध ना!" असा ओरडलो की पाणीपुरीवाल्याचा हात थांबला. तेव्हापासून बोलणं बंद. आता तिची कंपनी तिला हैदराबादला पाठवतेय आणि मंगळवारी तिला हो की नाही ते सांगायचंय. हे मला तिने नाही, काकूंनी सांगितलं, काल होडीत, खारे शेंगदाणे खाता खाता. बांधाशी पोचल्यावर त्याच काकू ओरडल्या, "या दोघांचं दिवाळीपासून वाजलंय, लावा रे रांगेत. हा मागे!"

"आई, प्लीज हं."

"नियम म्हणजे नियम. चल, हो पुढे."

मी मागून चालत डोक्यात भाषण जुळवत होतो, तू असं म्हणालीस, मग मी तसं म्हणालो. पण पाठीशी भांडता येत नाही हो. दिसत होता तो तिचा डावा खांदा. लॅपटॉपच्या बॅगेने खाली गेलाय, अकरावीत असा नव्हता. मला वाटत होतं की ती जिंकली, डिग्री मिळाली, एसीत बसते. आणि ही पोरगी तर माझ्यासारखीच रोज ओझं उचलतेय. तेवढ्यात पट्टा तुटला. "आण इकडे," म्हणत मी सवयीने वाकलो. "थांब, मला जमतं." एरवी मी चप्पल हिसकावून घेतली असती, नाहीतर "जमव मग" म्हणून तरातरा निघून गेलो असतो. एका बाजूला तिवरांचा चिखल, दुसऱ्या बाजूला मिठाचं पाणी. उभा राहिलो. तिने केसांचं रबर काढून पट्टा बांधला, तो सुटला, पुन्हा बांधला. मला गप्प राहता येतं हे मला माहीत नव्हतं पप्पा. ती उठली आणि मागे न बघता म्हणाली, "मेलास की आहेस?"

"आहे," म्हटलं.

आंटीने गरम फुगे, ते तळलेले गोल पाव, आणि माशाची तळलेली गाबोळी आणली. गाबोळी तिला आवडते म्हणून मी सगळीच तिच्या ताटात वाढली. "वाढलंस. आता बोल," ती म्हणाली. माझ्या तोंडून निघालं, "गरम आहे, फुंकून खा." शेजारी तळमजल्यावरच्या काकांना बियरचा ठसका लागला. ती हसली नाही, पण फुंकून खाल्लं. मग हळूच म्हणाली, "जायचं की नाही ते मी ठरवीन. पण ठरवताना तू आहेस की नाहीस, हे मला कळायला हवं. उद्या संध्याकाळी घरी ये, आई-बाबांसमोर सांग. ओरडलास तर चहासुद्धा मिळणार नाही."

ती संध्याकाळ झालीय. मी सांगणार आहे की कॉलेज सोडलं, परत जाईन की नाही ते ठाऊक नाही, काम करतो, ती मला आवडते. तिने जाऊ नये असं मला वाटतं, पण माझ्यासाठी अडू नये. तिचे बाबा कपाळाला आठ्या घालतील आणि माझे कान गरम होतील, ते मला आत्ताच जाणवतंय. आई दोनदा डोकावून गेली. "एवढं काय लिहितोयस? कोर्टात उभं राहायचंय का?" हे पत्र कुठे टाकायचं ते मला माहीत नाही, आणि टाकायचंही नाहीये. खरं सांगू? तुम्हाला काही कळवायचं म्हणून मी बसलोच नव्हतो. निघायची भीती वाटत होती. आता कागद इथेच ठेवतो, आईला "येतो गं" म्हणतो आणि बाहेर पडून दार ओढून घेतो.